पशुहानी मदत (नांदेड व लातूर जिल्हे)

पूर, वीज, गारपीट यांसारख्या आपत्तीत जनावर दगावल्यास शासन पशुपालकाला देते ती रक्कम. सरकारी कागदात हिला ‘मदत’ म्हणतात, गावात ‘अनुदान’. ही भरपाई नव्हे; भरपाई द्यायची तर जनावराची किंमत काढावी लागते. मदतीला ठरलेला दर पुरतो.

हे दर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांतून येतात. निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी दुधाळ गाय वा म्हैस ३७,५०० रुपये, ओढकामाचा बैल ३२,०००, शेळी-मेंढी ४,००० आणि कोंबडी १०० रुपये (एका कुटुंबाला कमाल १०,०००) असे दर ठरले. त्याआधी गाईला ३०,०००, बैलाला २५,००० मिळत. नव्या दरांत वासरू, कालवड आणि गाढव एकाच रकान्यात, २०,००० रुपयांना! उद्या औताला जुंपायचा गोऱ्हा त्यात कुठे बसतो, हे धन्यालाच ठाऊक.

जातिवंतपणाला या तक्त्यात जागा नाही. लातूरची देवणी आणि नांदेडची लाल कंधारी या नावाजलेल्या जाती. चांगल्या बैलजोडीचा सौदा लाखाच्या पुढे जातो. मदत मात्र गावठी बैलाला तेवढीच देवणीला. शिवाय जनावर ‘आर्थिकदृष्ट्या उपयुक्त’ हवे, म्हणजे भाकड गाईबाबत प्रश्न उभा राहतो. मोठी दुधाळ जनावरे तीन किंवा लहान तीस, अशी मर्यादाही निकषांतच आहे.

जनावर मेले की तलाठ्याला (आताचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) कळवायचे. तो पंचनामा करतो, पशुवैद्यकीय अधिकारी शवविच्छेदन करून दाखला देतो, प्रस्ताव तहसिलात जातो आणि रक्कम बँक खात्यात येते. जून २०२४पासून कानात बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावराला ही मदत देय नाही, असा शासनाचा निर्णय आहे. अवकाळीत झाडाखाली बांधलेला बैल विजेने गेला तर पंचनामा सोपा. बैल तिथेच पडलेला असतो, कान तपासता येतो. पुरात तसे होत नाही. दावे तुटलेले, खुंटा उपटलेला, जनावर कुठल्या कुठे वाहून गेलेले. मग नुसत्या गोठ्याकडे बोट दाखवून ‘इथं म्हैस होती’ हे पटवायचे.

हा पेच १७-१८ ऑगस्ट २०२५च्या पुरात ठळक झाला. मुखेड तालुक्यात सुमारे २०६ मिलिमीटर पाऊस झाला, लातूर-उदगीर आणि कर्नाटकाकडूनही पाणी लोटले आणि लेंडी धरणाच्या पट्ट्यातली रावणगाव, हसनाळ, भासवाडी ही गावे रात्रीतून वेढली गेली. माणसे दगावली, गोठ्यातली जनावरे तर सोडायलाही वेळ मिळाला नाही. सप्टेंबरात मराठवाडाभर पुन्हा अतिवृष्टी झाली. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यात तीन जनावरांची मर्यादा उठवण्यात आली. दुधाळ जनावराचा दर ३७,५००च राहिला.