बिनडिस्कच्या संगणकाचा पोटमाळा

रॅम भरत आली की लिनक्स तिच्यातली सध्या न लागणारी पाने उचलून डिस्कवर ठेवतो आणि गरज पडली की परत आणतो. डिस्कवरच्या या राखीव जागेला स्वॅप म्हणतात. रोज न लागणारी भांडी पोटमाळ्यावर टाकावीत, तसेच हे. पण ज्या संगणकाला डिस्कच नाही, त्याने पोटमाळा कुठे बांधायचा?

सुप्यातल्या एका शिकवणी वर्गासाठी सहा जुने संगणक जोडताना हा प्रश्न माझ्यासमोर आला. सहाही बिनडिस्कचे, कोपऱ्यातल्या एका सर्व्हरवरून तारेतून सुरू होणारे. प्रत्येकात २ जीबी रॅम. ब्राउझरची चार पाने उघडली की ती संपते. संगणक गोठला, तर महिन्याची फी जेमतेम जमवून आलेल्या मुलीचा तास वाया जातो.

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. १९६२ साली मँचेस्टरमध्ये अ‍ॅटलस संगणक सुरू झाला. त्याची मुख्य मेमरी १६ हजार शब्दांची होती, तर जोडीच्या चुंबकीय ड्रमवर ९६ हजार शब्द मावत. दोन्हींमधली पानांची ने-आण यंत्र आपणहून करी. आजच्या स्वॅपचे मूळ तिथे आहे.

पुण्यात जन्मलेले विनोद खोसला यांनी १९८२ साली सहकाऱ्यांसह सन मायक्रोसिस्टिम्स स्थापन केली. त्या काळी डिस्क महाग होती. म्हणून सनने सन-३/५० सारखी बिनडिस्कची यंत्रे विकली. त्यात मेमरी ४ मेगाबाइट आणि स्वॅप सर्व्हरवर. १९८८ च्या सनओएस ४.० पासून सर्व्हरवर प्रत्येक यंत्रासाठी स्वॅपची वेगळी फाइल ठेवली जाऊ लागली. म्हणजे पोटमाळा शेजाऱ्याच्या घरात. जागा मिळाली, पण प्रत्येक खेप तारेवरून. एकाच वेळी अनेक यंत्रांची रॅम भरली की सगळेच रेंगाळणार.

लिनक्समध्ये याहून अवघड पेच होता. पान सर्व्हरकडे पाठवायचे तर नेटवर्कचे पॅकेट बनवावे लागते आणि पॅकेटलाही मेमरी लागते. सर्व्हरची पोच घ्यायलाही लागते. मेमरी संपली म्हणून पान बाहेर काढायचे, आणि ते काढायला मेमरीच नाही! अशा वेळी यंत्र जागीच अडकायचे. २०१२ च्या लिनक्स ३.६ मध्ये यावर तोडगा आला: थोडी मेमरी केवळ याच कामासाठी राखून ठेवायची. तेव्हापासून एनएफएस आणि एनबीडी या दोन्ही मार्गांनी सर्व्हरवर स्वॅप ठेवणे बरेच निर्धास्त झाले.

दुसरी वाट नितीन गुप्ता यांनी काढली. त्यांचे झेडरॅम २०१४ मध्ये लिनक्स ३.१४ मध्ये पक्के दाखल झाले. त्यात पाने बाहेर जातच नाहीत. दाबून, लहान करून रॅममध्येच ठेवली जातात. गाद्या-रजया पिशवीत भरून हवा काढावी तसे. मजकूर चांगला दबतो. आधीच दाबलेली छायाचित्रे फारशी दबत नाहीत.

पेन ड्राइव्हचा पर्यायही सुचवला जातो. पण सततच्या लिखाणाने तो झिजतो, आणि कोणी उपसून नेला तर त्यावर पाने असलेले प्रोग्राम कोसळतात. शिकवणी वर्गात हे व्हायला वेळ लागत नाही.

लिनक्स स्वॅपच्या जागांना अग्रक्रम लावू देतो. त्यामुळे मी पहिला क्रम झेडरॅमला दिला, दुसरा सर्व्हरच्या डिस्कवरच्या जागेला, प्रत्येक संगणकाची वेगळी. आधी घरातलीच जागा नीट वापरायची, उरले तरच शेजाऱ्याकडे न्यायचे.

पन्नास वर्षांच्या या धडपडीतून मला एक गोष्ट लख्ख दिसते. टंचाईत जी वस्तू संपते, तीच वस्तू मदत मागायला लागत असेल, तर मदत पोहोचत नाही. पाणी सुकाळातच राखून ठेवावे लागते, हे पारनेर तालुक्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मेमरीचाही हिशेब तोच आहे.