पेटी गावोगाव पोचली, मग गिटार कुठं अडकली होती?

हा भाग ऐकायचा राहिला असेल तर हे त्याचं लिखित रूप. बोलता बोलता केलेलं आहे, त्यामुळे वाक्यं बोलल्यासारखीच आहेत, सांभाळून घ्या.

प्रश्न साधा आहे. ब्रह्मपुरीच्या आसपासच्या कुठल्याही गावात जा, भजनी मंडळाकडे पेटी सापडेल. म्हणजे हार्मोनियम. ती काही आपली नाही बरं का. 1842 मध्ये पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ नावाच्या माणसाने तिचं पेटंट घेतलं. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी पाय मारायचा भाता काढून हाताने हलवायचा केला, आणि मांडी घालून बसणाऱ्या माणसाला ती वाजवता यायला लागली. तिथून ती कीर्तनात गेली, नाटकात गेली, शाळेच्या प्रार्थनेत गेली. आज कुणी म्हणत नाही की पेटी परदेशी आहे.

गिटार मात्र तिच्या कितीतरी आधीपासून आपल्या शेजारी होती. तरी आज आपल्याकडचं एखादं पोरगं गिटार घेऊन बसलं की घरचे म्हणतात, हे काय शहरी खूळ घेतलं बाप्पा. आणि पोराची बोटं तीन दिवसांत अशी सोलवटतात की त्यालाही वाटायला लागतं, हे आपलं काम नाही. मला हे दोन्ही पटत नाही, म्हणून हा भाग.

आधी गोवा. 1510 मध्ये पोर्तुगीज आले आणि साडेचारशे वर्षं राहिले. चर्चला लागून गावोगावी शाळा असायच्या. तिथे मुलांना अक्षरांसोबत सूर वाचायला शिकवायचे, दो रे मी करत, कागदावरच्या पाच रेषांवरून. व्हायोलिन हे तिथलं मुख्य वाद्य. गिटार घराघरात, लग्नात, गाण्याला साथ म्हणून. पण यातली खरी मोठी गोष्ट वाद्य नाही. खरी मोठी गोष्ट म्हणजे कॉर्ड ऐकायची सवय. एका वेळी तीन-चार सूर एकत्र वाजले की कानाला ते भरलेलं वाटतं, ही सवय गोव्याच्या कानाला शेकडो वर्षांपूर्वी लागली. आपल्या कानाला नाही लागली. आपण एकच सूर घेतो, त्याच्याखाली सा-प धरतो, आणि त्या एका सुराला वळवत, घासत, हळूहळू दुसऱ्याकडे नेतो. मींड म्हणतात ती.

आता पेटी आणि गिटारचा फरक बघा. पेटीवर बोट ठेवलं की भाता चालू असेपर्यंत सूर टिकतो. गवई तान घेतो, पेटीवाला मागे मागे जातो. गिटारची तार छेडली की आवाज दोन-तीन सेकंदांत विरायला लागतो. आणि मानेवर धातूचे पडदे पक्के बसवलेले. म्हणजे सूर टिकत नाही आणि वळायलाही फारसा तयार नाही. अभंगाला साथ करायला असं वाद्य कोण घेईल? मींड तर पेटीलाही येत नाही म्हणा. त्यावरूनच ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली होती, ती ढिली व्हायला 1971 उजाडलं. पण गावातल्या भजनाला रेडिओची परवानगी लागत नाही! पेटी सूर धरून ठेवते, एवढ्यावर ती जिंकली.

आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीतही तेच झालं. भाऊबीजेनंतर मंडई भरायला लागली की नाटकं सुरू होतात. नदीपलीकडे वडसा म्हणजे त्या कंपन्यांचं मुख्य ठाणं. रात्रभर नाटक, मधे मधे गाणी. साथीला ऑर्गन, तबला, आणि हल्ली कीबोर्ड-ऑक्टोपॅड. गिटारला तिथे जागा शोधावी लागते. याला मागासपणा म्हणणाऱ्यांशी मी वाद घालायला तयार आहे. रात्री दोन वाजता नट गाताना सूर चढवतो, तेव्हा त्याला खालून सलग आधार लागतो. छेडून विरणारं वाद्य तिथे कमीच पडणार.

मग गिटार भारतात रुळली कशी? इथे गंमत आहे. ती आधी आडवी होऊन रुळली.

हवाई बेटांवर 1830 च्या दशकात मेक्सिकोकडचे गुराखी गेले, त्यांच्यासोबत गिटार गेली. तिथल्या लोकांनी तारा सैल करून आपल्या पद्धतीने लावल्या. मग त्या शतकाच्या शेवटाकडे जोसेफ केकुकू नावाच्या तरुणाने गिटार मांडीवर आडवी ठेवून, पडद्यांवर बोटं दाबण्याऐवजी तारांवरून स्टीलचा तुकडा घसरवायचं तंत्र पक्कं केलं. घसरवला की काय मिळतं? मींड! 1915 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठं प्रदर्शन भरलं, तिथे हवाईचे वादक आले आणि अमेरिकेत या आवाजाची लाट आली. ती रेकॉर्डमधून जगभर गेली. 1940 च्या दशकात ताऊ मो हा हवाईचा वादक कुटुंबासह कलकत्त्यात राहून वाजवत होता. बंगाली मंडळींनी ही गिटार लगेच उचलली, रवींद्रसंगीतसुद्धा त्यावर वाजायला लागलं.

मुंबईत व्हॅन शिप्ली आणि हजारा सिंग यांनी ती सिनेमात आणली. सुनील गांगुलींच्या सिनेगीतांच्या रेकॉर्ड घरोघरी वाजल्या. म्हणजे तुमच्या आजोबांनी ‘गिटार’ हा शब्द ऐकला तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर छातीशी धरलेलं वाद्य आलंच असेल असं नाही. मांडीवरचं आलं असेल. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या रेकॉर्डवर शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार आहे, ती हीच घसरती गिटार. विश्वमोहन भट्टांना 1994 मध्ये ग्रॅमी मिळालं, त्यांची मोहनवीणा हीसुद्धा याच घराण्यातली.

उभी गिटार, जी तुम्ही ऑनलाइन मागवता, तिचा रस्ता वेगळा. ती गोव्याहून मुंबईला आली, हॉटेलांच्या बँडमधून, आणि तिथून सिनेमाच्या स्टुडिओत. संगीत दिग्दर्शकाकडे चाल असायची. ती कागदावर उतरवून, खाली कॉर्ड बसवून चाळीस-पन्नास वादकांना वाटून देणारे लोक बरेचसे गोव्याचे. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यातलेच. प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन दोघं त्यांच्याकडे शिकले. ‘अमर अकबर अँथनी’मधल्या अमिताभच्या गाण्यात जे नाव आहे ते यांचंच. आणि 1973 च्या ‘यादों की बारात’मध्ये काचेवर टिचकी वाजते आणि मागून गिटार येते, ते आशाताईंचं गाणं आठवतंय? ती गिटार भूपिंदर सिंग यांची, बारा तारांची. तेच भूपिंदर, गझल गाणारे.

म्हणजे 70 च्या दशकापर्यंत कॉर्ड आपल्याही कानात शिरल्या होत्या, फक्त रेडिओतून. हातात गिटार नव्हती आणि शिकवणारा नव्हता. नागपूरला शिक्षक असेल, पण आठवड्यातून दोनदा ब्रह्मपुरीहून नागपूर कोण करणार? ती अडचण 2016 च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर सुटली. डेटा स्वस्त झाला आणि शिक्षक मोबाइलमध्ये आला.

पण मोबाइलमधला शिक्षक तुमच्या गिटारला हात लावू शकत नाही. आणि नवशिक्याचं निम्मं दुखणं गिटारमध्येच असतं. याचाही इतिहास आहे.

स्पेनमध्ये आंतोनियो दे तोरेस यांनी एकोणिसाव्या शतकात आजच्या क्लासिकल गिटारचा आकार ठरवला, तेव्हा तारा तातीच्या होत्या. तात म्हणजे जनावराच्या आतड्याची, पिंजाऱ्याच्या धनुकलीला असायची तीच. दुसऱ्या महायुद्धानंतर तिची जागा नायलॉनने घेतली. अमेरिकेत वेगळं झालं. तिथे बँजोच्या गोंगाटात गिटार ऐकू यायला हवी होती, हवाईच्या लाटेला तर स्टीलच लागायचं, म्हणून 1920 च्या दशकात स्टीलच्या तारा सर्रास झाल्या. मार्टिन कंपनीने मोठ्या पोटाचा आकार काढला आणि त्याला ड्रेडनॉट या इंग्रजी युद्धनौकेचं नाव दिलं. आज स्वस्तातली बरीचशी अकूस्टिक गिटार याच आकाराची असते. तिच्या सहा तारांची मिळून ओढ 70 किलोच्या आसपास जाते. नायलॉनची साधारण त्याच्या निम्मी. तुमची बोटं या ओढीशी भांडतात. बोटं कच्ची आहेत हे खरं, पण वाद्य मुळात हॉलभर ऐकू यावं म्हणून बनलंय, तुमच्या खोलीसाठी नाही.

म्हणून शिकायला बसण्याआधी एक पट्टी घ्या आणि बाराव्या पडद्यावर सगळ्यात जाड तारेखाली किती जागा आहे ते मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. चार-पाच असेल तर ‘एफ’ कॉर्ड वाजणार नाही, तुमच्या जागी कुणीही बसवा. तारा एक्स्ट्रा लाइट, म्हणजे पहिली तार 10 नंबरची घाला. दुकानदार 12 च्या देतो.

दुसरं, ट्यूनिंग. अ‍ॅप आहेच, पण आपल्याकडे पेटी आहे. जाड तारेपासून बारीक तारेकडे: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात, आणि पुन्हा पांढरी तीन. भजनी मंडळासोबत बसणार असाल तर पेटीलाच जुळवा, अ‍ॅपला नाही. जुन्या पेट्या जराशा चढलेल्या किंवा उतरलेल्या असतात आणि तिथे पेटीचाच हुकूम चालतो.

तिसरं मला सगळ्यात आवडतं. 1960 च्या दशकात डेव्ही ग्रॅहम या इंग्रज वादकाने मोरोक्कोचं संगीत ऐकून एक ट्यूनिंग रुळवलं. पहिली, दुसरी आणि सहावी, या तीन तारा एकेक पूर्ण सूर उतरवायच्या. मग मोकळ्या तारा काय बोलतात बघा: पांढरी दोनला सा धरला तर सा, प, सा, म, प, सा. गंधार नाहीच. म्हणजे राग कुठलाही असो, कोमल ग आहे की शुद्ध हा झगडाच नाही. तारा उतरल्यामुळे ओढही कमी. अभंगाखाली हे हळू छेडत राहिलं तर तानपुऱ्याच्या जवळ जाणारं काहीतरी मिळतं, आणि पेटी तिचं काम करत राहते. यूट्यूबवरचा शिक्षक सहसा जी, सी, डी पासून सुरुवात करतो. तेही शिका, सिनेमाची गाणी त्यावरच आहेत. पण घरी आजी हरिपाठ म्हणत असेल तर आधी हे करून बघा. गिटार शहरी वाटणं तिथेच थांबतं.

आता ब्रह्मपुरीचं खास. उन्हाळ्यात आपलं गाव देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांच्या यादीत असतं, 46-47 अंश आपल्याला नवीन नाही. हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं; पावसाळ्यात तेच फुगतं, पोट वर येतं, तारा उंच होतात. मानेच्या आत एक लोखंडी दांडी असते, ट्रस रॉड. 1923 मध्ये गिब्सन कंपनीच्या नावावर तिचं पेटंट झालं, आणि ती याच वाकण्यासाठी आहे. पानाने पाव फेरा फिरवायचा, एक दिवस थांबायचं, मग पुन्हा बघायचं. जोर करायचा नाही. मे महिन्यात गिटार टिनाच्या खोलीत भिंतीला टांगू नका आणि गाडीत तर मुळीच ठेवू नका, ब्रिजचा गोंद सुटतो. कव्हरमध्ये घालून घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, कूलरच्या थेट वाऱ्यापासून लांब ठेवा. रोवणी सुरू झाली की पुन्हा पट्टी काढून बाराव्या पडद्यावर मोजा.

पुढच्या भागात झाडीपट्टीच्या नाटकातला ऑर्गन. भेटू.