जेन आणि यमू : आत्मकथनाचा अधिकार

इंग्रजांच्या छावणीची आठवण बाळगणाऱ्या बडोद्यातील फतेगंजाजवळच महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाचे आवार आहे. इंग्रजी आणि मराठी या दोन्ही वाङ्मयांचे अध्यापन येथे होत असल्याने दोहोंतील एकेक नायिका शेजारी ठेवून पाहणे आम्हांस उचित वाटते.

शार्लट ब्राँटे हिची ‘जेन एअर’ १८४७ साली करर बेल या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः आली. दोहोंतही नायिकाच आपली कथा सांगते. मात्र तेथे लेखिकेने आपले स्त्रीत्व नावाआड झाकले आहे, तर येथे पुरुषाने स्त्रीची वाणी स्वीकारली आहे.

साम्य येथेच संपते. जेन शिक्षिकेची नोकरी करते. मनाविरुद्ध घडताच रॉचेस्टरचे घर सोडते, आणि चुलत्याचा वारसा हाती आल्यावर स्वेच्छेने परतते. यमूला लेखनवाचनाची गोडी लागते ती पतीच्या प्रोत्साहनाने. त्याच्या मृत्यूनंतर तिचे केशवपन बळाने केले जाते. तिला बुद्धी आहे, भाषा आहे. उपजीविकेचे साधन मात्र नाही.

जेनचे स्वातंत्र्यही निर्वेध नव्हे, हे विसरता कामा नये. १८७० व १८८२ च्या कायद्यांपूर्वी इंग्लंडातील विवाहितेचा स्वतःच्या मिळकतीवरही हक्क नसे. म्हणजे बोलण्याचा अधिकार आणि जगण्याचे साधन हे दोन प्रश्न तेथेही निगडितच होते.

आपल्याकडे ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ स्वतःच्या नावाने लिहिली. काशीबाई कानिटकरांनी कादंबरी हाती घेतली. परंतु अशा लेखिका विरळाच. सामान्य मुलीच्या हाती लेखणी येण्यास राजसत्तेचे पाठबळ लागले. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाहास आळा घालणारा कायदा केला, आणि १९०६ साली मुलांबरोबर मुलींचेही प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पुढे १९४९ साली येथे विश्वविद्यालय स्थापन झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या कुलगुरू एक स्त्री, हंसाबेन मेहता, झाल्या.

म्हणून स्त्रीमुक्तीचा इतिहास केवळ कादंबऱ्यांतून शिकवणे आम्हांस अपुरे वाटते. यमूचे दुःख वर्गात वाचताना १९०६ चा कायदाही शेजारी ठेवावा. तिच्या कथेने वाचकाची करुणा जागविली. पण यमूसारख्या मुलीला आपली कथा आपल्याच हाताने लिहिता यावी, याची सोय शाळेनेच केली.