मूत्राशयातील अश्मरी : छेदनाकडून भेदनाकडे

प्रस्तावना : मूत्राशयातील खडा मोठा छेद न घेता काढणे ही लेसरयुगाची देणगी होय, असा सर्वसाधारण समज आढळतो. वास्तविक या शल्यपद्धतीस दोनशे वर्षांचा इतिहास असून तिच्या जडणघडणीत होळकरांच्या इंदूरलाही स्थान आहे.

छेदनाची परंपरा : सुश्रुतसंहितेत सेवनीच्या डाव्या बाजूस छेद घेऊन अश्मरी काढण्याची क्रिया वर्णिली आहे. ही क्रिया न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यशाविषयी संशय. म्हणून वैद्याने आधी राजाची अनुमती घ्यावी, असे तेथे सांगितले आहे. खडा फुटू देऊ नये, कारण मागे राहिलेला कणही पुन्हा वाढतो, हा इशाराही त्यात आहे.

भेदनाचा उदय : 1824 मध्ये पॅरिस येथे ज्याँ सिव्हियाल यांनी मूत्रमार्गातून यंत्र घालून खडा आतच फोडला. 1835 मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे आलेल्या त्यांच्या आकडेवारीनुसार छेदनाच्या 5,443 रुग्णांपैकी 1,024, तर भेदनाच्या 257 रुग्णांपैकी 6 दगावले होते. भेदनासाठी सोयीचे रुग्ण निवडले जात, हे ध्यानात घेऊनही ही तफावत बोलकी आहे. मात्र फुटलेले तुकडे लघवीवाटे आपोआप पडण्याची वाट पाहावी लागे. सुश्रुतांनी दाखविलेला धोका त्यामुळे कायम राहिला. 1878 मध्ये अमेरिकेतील हेन्री बिगेलो यांनी एकाच बैठकीत खडा फोडून रुंद नळीवाटे सर्व तुकडे शोषून घेण्याची पद्धती मांडली आणि ही अडचण बऱ्याच अंशी दूर झाली.

इंदूरचा अनुभव : तरीही मुलांचा मूत्रमार्ग अरुंद व नाजूक असल्याने त्यांच्यावर ही क्रिया करता येणार नाही, असे मत युरोपात रूढ होते. भारतात तर या व्याधीने ग्रस्त मुलांची संख्या मोठी होती. इंदूर रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक डी. एफ. कीगन यांनी 1880 च्या दशकात लहान यंत्रे वापरून मुलग्यांवर ही क्रिया यशस्वी केली आणि तिचे अनुभव प्रसिद्ध केले. रूढ मत बदलले ते येथील बालरुग्णांमुळे. त्यांची नावे मात्र इतिहासाला ठाऊक नाहीत.

समारोप : मुलांमधील मूत्राशयाच्या खड्याचा संबंध दूध व प्रथिने कमी असलेल्या, केवळ धान्यावर आधारलेल्या आहाराशी असल्याचे पुढे स्पष्ट झाले. आहार सुधारला तसा हा विकार अनेक प्रदेशांतून ओसरला. आज दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहत लेसरने खडा फोडता येतो. मुलांमध्ये ओटीपोटावरील लहानशा छिद्रातूनही तो काढता येतो. कोलाडसारख्या ग्रामीण परिसराच्या दृष्टीने या इतिहासाचा बोध दुहेरी आहे. प्रगत शल्यक्रिया सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आली पाहिजे. आणि तिची गरजच भासू नये, यासाठी मुलाच्या ताटात पुरेसे दूध व डाळही आली पाहिजे.