मॅस्टोडॉन

मॅस्टोडॉन : विकेंद्रित, मुक्तस्रोत समाजमाध्यम. जर्मनीतील प्रोग्रामर यूजेन रॉच्को यांनी ते २०१६ मध्ये खुले केले. नाव हत्तीसारख्या एका नामशेष सस्तन प्राण्याचे.

एक कंपनी, एक संकेतस्थळ असा प्रकार येथे नाही. स्वतंत्र माणसांनी व संस्थांनी चालवलेले हजारो सर्व्हर ‘ॲक्टिव्हिटीपब’ या प्रोटोकॉलने जोडलेले असतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१८ मध्ये त्याला मानक म्हणून मान्यता दिली. व्यवस्था ईमेलसारखी : खाते कोठेही काढा, संदेश इतरत्र पोचतो. नियम मात्र ज्या त्या सर्व्हरचे.

जनसंपर्क अधिकाऱ्याची येथे पंचाईतच होते. जाहिराती नाहीत, पैसे मोजून मजकूर पुढे रेटण्याची सोय नाही, मुख्य प्रवाह कालक्रमानेच दिसतो. प्रसार वाचकांनी पुढे पाठवण्यावर आणि हॅशटॅगवर अवलंबून. उलट ओळख पटवण्याची रीत मोठी सुटसुटीत आहे. संस्थेने आपल्या संकेतस्थळावर खात्याचा विशिष्ट दुवा ठेवला, की खात्यावरील संकेतस्थळाचा दुवा पडताळलेला दिसतो, शुल्क नाही. स्वतःचा सर्व्हर उभारला तर पत्त्यातील डोमेनच ओळखपत्र ठरते. बीबीसीने २०२३ मध्ये हा प्रयोग केला. युरोपीय संघाच्या संस्थांसाठी २०२२ मध्ये सुरू झालेला ‘ईयू व्हॉइस’ हा सर्व्हर मात्र २०२४ मध्ये बंद पडला.

भारतात नोव्हेंबर २०१९ मध्ये, ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाल्यावर, अनेकांनी इकडे खाती काढली. जगभरची मोठी लाट इलॉन मस्क यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटर घेतल्यानंतरची.