अवरक्त संवेदकांच्या इतिहासात गॅलेनाचे स्थान

नव्या पदार्थाने जुन्यास पदच्युत केले, अशा रीतीने तंत्रविद्येचा इतिहास सांगण्याचा प्रघात आहे. अवरक्त संवेदकांचा इतिहास या चौकटीत बसत नाही. त्यात गॅलेना, म्हणजे लेड सल्फाइड, हे एकच द्रव्य तीनदा पुढे आलेले दिसते.

१८०० साली विल्यम हर्शेल यांनी वर्णपटातील तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवला आणि पारा चढलेला पाहिला. त्यानंतर सुमारे शतकभर, लँग्ली यांच्या बोलोमीटरपर्यंत, या किरणांची ओळख त्यांच्या उष्णतेवरूनच पटत असे. जगदीशचंद्र बोस यांनी निराळी वाट धरली. त्यांच्या गॅलेना-संवेदकाला १९०४ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. येथे स्फटिकाचा विद्युत्‌गुणच साक्षीदार झाला.

१९३३ मध्ये बर्लिन येथे कुट्शर यांना लेड सल्फाइडची प्रकाशवाहकता आढळली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने तिचा लष्करी उपयोग केला. पुढे १९५९ मध्ये इंग्लंडात पारा, कॅडमियम व टेल्युरियम यांचा संमिश्र अर्धवाहक प्रसिद्ध झाला. तो अधिक दूरच्या तरंगलांबीपर्यंत पोहोचत होता. परंतु त्यासाठी बहुधा अतिशीतन लागे आणि खर्चही फार येई. मोटारीत रात्रदृष्टीची सोय २००० साली आली, ती शीतनाविना चालणाऱ्या औष्णिक संवेदकांमुळे.

२००५ मध्ये टोरांटो येथे सार्जंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेड सल्फाइडच्या नॅनोकणांच्या द्रावणापासून अवरक्त संवेदक तयार केला. आता, अखंड स्फटिक सुमारे ३ मायक्रॉनपर्यंतचे किरण टिपतो; कण काही नॅनोमीटरचा केला की ही मर्यादा आखूड होते. वरवर पाहता ही हानीच होय. मग लाभ कोणता? कणाच्या आकारावरून तरंगलांबी निवडता येते. शिवाय हे द्रावण सिलिकॉनच्या मंडलावर थेट पसरता येते. सिलिकॉन स्वतः १.१ मायक्रॉनपलीकडे आंधळे असते. वेगळा स्फटिक वाढवून तो बिंदू-बिंदू जोडण्याचा खर्च टळला, तरच असा संवेदक दूरध्वनीत वा साध्या मोटारीत शिरू शकतो.

तात्पर्य, येथे निर्णायक ठरली ती केवळ संवेदनक्षमता नव्हे, तर घडणीची सुलभता. मात्र शिसे विषारी आहे, आणि युरोपीय संघाने २००६ पासून विद्युत् उपकरणांतील त्याच्या वापरावर निर्बंध घातले आहेत. म्हणून इंडियम आर्सेनाइड व सिल्व्हर टेल्युराइड यांच्या नॅनोकणांवर संशोधन चालू आहे. गॅलेनाचे हे तिसरे पुनरागमन किती टिकेल, हे प्रयोगशाळेबरोबरच कायदाही ठरवील.