घळीतला अनुष्टुभ

महाडहून वरंध घाटाकडे निघालं की डोंगराच्या पोटात शिवथरघळ लागते. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली तिचा शोध लावला. दासबोधाचे २० दशक, २०० समास इथेच सांगितले गेले ही परंपरा, आणि तिच्यावर अभ्यासकांचे वादही आहेत. त्या वादात, आणि गुरू-शिष्याच्या त्याहून मोठ्या वादात, समर्थांची एक छोटी रचना झाकली जाते. घळीसमोर कोसळणाऱ्या पाण्याचं ते वर्णन आहे. आज तेवढंच घेऊ.

छंद अनुष्टुभ, म्हणजे गीतेचा. चरणाला आठ अक्षरं. इथून जवळच पोलादपूरला ज्यांची समाधी आहे त्या कवींद्र परमानंदांनी त्याच शतकात, मुख्यतः याच छंदात, 'शिवभारत' रचलं. पण संस्कृतात आणि राजाचं चरित्र सांगायला. समर्थांनी तोच छंद मराठीत आणला आणि त्यात धबधबा ओतला!

आता बघा हं. अनुष्टुभात पाचवं अक्षर लघू, सहावं गुरू. पण सातवं विषम चरणात गुरू आणि सम चरणात लघू. म्हणजे पहिला चरण लांबत जातो, दुसरा शेवटाजवळ आखडतो आणि आदळतो. पाणी वाहतं, पाणी आपटतं. त्यावर 'धबाबा' हा शब्द दोन्ही चरणांच्या तोंडी ठेवलाय. घरी मोठ्यानं म्हणून पाहा, डोळ्यांनी वाचून हे कळत नाही.

समर्थांनंतर काही वर्षांनी, १६८९ मध्ये, जपानचा कवी बाशो निक्कोच्या देवस्थानी गेला. तिथल्या उरामी धबधब्यामागच्या गुहेत तो शिरला आणि त्याला बौद्ध भिक्षूंचा वर्षावास आठवला. दोघांची गाठ पडणं शक्यच नव्हतं. पण पाण्याच्या पडद्याआड बसलेल्या माणसाला साधनाच सुचावी, हे मला फार बोलकं वाटतं.

समर्थ म्हटले की आपल्याला आठवतात मारुती आणि व्यायामशाळा. हा कान देऊन बसलेला माणूस आपण विसरलो. पुढे तर ते म्हणतात की इथे विश्रांती वाटते. एवढ्या गर्जनेत विश्रांती? मला वाटतं, त्या आवाजाला अर्थ नसतो म्हणून. माणसाचं बोलणं आपल्याकडे उत्तर मागतं, पाणी काही मागत नाही. श्रावणात घळीत गेलात तर शेजाऱ्याचंही बोलणं नीट ऐकू येत नाही. आणि तिथेच निरूपण चालत असे, असं ही रचनाच सांगते.